‘सेलेबल’ विसरा, टेप काढा

ताई, नमस्कार. मी मांजरीला राहतो. हडपसर, फुरसुंगी भागात बारा वर्षं भाड्याच्या फ्लॅटचं काम करतोय. शिक्षण बारावी कॉमर्स. आता नव्या स्कीमची बुकिंग घ्यायची आहेत, त्यासाठी एजंट म्हणून महारेराची (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी लागते आणि नोंदणीसाठी परीक्षा. २० तासांचं ट्रेनिंग झालं, पण बरंचसं डोक्यावरून गेलं. कायद्याचं पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर झोप येते. एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर ३०० प्रश्नांची पीडीएफ पाठवली आहे, ती पाठ करू का? मुलगी दहावीला आहे, तिच्यासमोर नापास व्हायचं म्हणजे लाज वाटते. मेहुणा म्हणतो, सरळ फर्म काढू. आणि शेवटचं, परीक्षा होईपर्यंत एका मित्राच्या रेरा नंबरावर एक-दोन बुकिंग टाकली तर चालेल का?
— एक एजंट, मांजरी

दादा,

आधी ती पीडीएफ डिलीट करा. माझ्याकडेही अशीच एक आली होती. त्यात बाराव्या की तेराव्या प्रश्नाचं उत्तर होतं: करार नोंदवण्याआधी बिल्डर २०% रक्कम घेऊ शकतो. हा आकडा १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅट-मालकीच्या जुन्या, कायद्यातला. रेराच्या, म्हणजे २०१६ च्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या, कलम १३ प्रमाणे करार केल्याशिवाय आणि तो नोंदवल्याशिवाय १०% पेक्षा जास्त घेता येत नाही. ज्याने कुणी ती यादी बनवली, त्याने दोन कायद्यांची खिचडी केली होती आणि शंभर जणांनी ती पुढे ढकलली. पाठांतरात चूक झाली तर ती चूकसुद्धा चोख पाठ होते.

तुम्हाला वाटतंय आपल्याला कमी येतं. मला तुमची अडचण उलटी दिसते. बारा वर्षांत धंद्याची भाषा इतकी अंगात मुरली आहे की कायद्याचा शब्द आत शिरायला जागाच नाही. सेलेबल (जिना-लॉबी धरून फुगवलेलं क्षेत्र), लोडिंग (तो फुगवटा), टोकन, ‘पार्किंगचे वेगळे’, हे सगळं तुम्ही दिवसात पन्नास वेळा बोलत असाल. पेपरमध्ये नेमका तुमच्या सवयीचा शब्द एका पर्यायात टाकलेला असतो आणि हात तिकडेच जातो. मी परीक्षेला बसले तेव्हा धंद्यात एकोणीस वर्षं झाली होती. घरी करून बघितलेल्या पहिल्या सराव पेपरात माझी सगळ्यात जास्त उत्तरं चुकली ती ‘हे काय, येतंच की’ म्हणून न वाचता टिक केलेली.

म्हणून सुरुवात कलम २ पासून, म्हणजे व्याख्यांपासून. आणि पुस्तकातून नको, स्वतःच्या घरातून. रविवारी सकाळी मोजपट्टी काढा, लेकीला दुसरं टोक धरायला सांगा. कार्पेट एरिया म्हणजे आतली वापरता येणारी जागा. बाहेरच्या भिंती सोडायच्या, बाथरूममागचा डक्ट सोडायचा, आपल्या एकट्याच्या वापराची बाल्कनी सोडायची, आणि पुण्यात ज्याच्यावर जीव टाकतात ते अटॅच टेरेसही सोडायचं. पण हॉल आणि बेडरूमच्या मधली भिंत? ती धरायची. आतल्या पार्टिशनच्या भिंती कार्पेटमध्ये येतात. इथे निम्मे लोक चुकतात, कारण ‘कार्पेट म्हणजे जिथे सतरंजी पसरता येते तेवढंच’ असं आपण गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं सांगत आलोय. सतरंजी काही भिंतीखाली जात नाही, कायदा जातो.

मोजून झालं की चौरस मीटरला १०.७६४ ने गुणा. समजा ५८.२० चौ.मी. आले, तर ६२६ चौरस फूट आणि वर थोडं. हाच फ्लॅट बाजारात ‘९४० सेलेबल’ म्हणून विकला गेला असेल, तर दीडपट सांगितला गेला. हा हिशेब एकदा स्वतःच्या छताखाली केलात की ती व्याख्या जन्मात विसरणार नाही, आणि पुढे गिऱ्हाइकाने विचारलं तर तोंडातून ‘सेलेबल’ निघणारही नाही. प्रकल्पाची जाहिरात आणि विक्री कार्पेटवरच करायची असते.

गुंठ्यांचंही असंच. कलम ३ म्हणतं, जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर प्रकल्पाची नोंदणी लागत नाही. आता हा आकडा आपल्या भाषेत आणा. एक गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौ.मी. पाच गुंठे झाले ५०६ चौ.मी. म्हणजे ‘पाच गुंठ्यातलं काम आहे, रेरा-बिरा काही नाही’ असं जे आपल्याकडे सर्रास बोललं जातं, ते क्षेत्रफळाच्या अटीत सहा मीटरनं हुकतं. परीक्षेत मीटर विचारतात, साइटवर गुंठे बोलतात. दोन्ही भाषा जिभेवर हव्यात.

मराठी शब्दांचं वेगळं सांगते, कारण इथे फसगत होते आणि कोणी सावध करत नाही. ‘चटई क्षेत्र’ म्हणजे कार्पेट, पण ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणजे एफएसआय, प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण. घाईत वाचलं की दोन्ही एकच. तसंच ‘भोगवटा’. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी, इमारत राहायला तयार असल्याचा दाखला, जो महापालिका किंवा पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) देते. सातबाऱ्यावरचा ‘भोगवटादार वर्ग २’ ही पूर्ण वेगळी गोष्ट. त्या जमिनीच्या हस्तांतरावर सरकारी बंधनं असतात, परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. ‘प्रवर्तक’ म्हणजे आपला बिल्डर. ‘अभिहस्तांतरण’ म्हणजे कन्व्हेयन्स, जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर करणं, आणि बिल्डरने ते करून दिलं नाही की सोसायटीवाले ज्यासाठी वर्षानुवर्षं फायली घेऊन फिरतात ते ‘मानीव अभिहस्तांतरण’. वहीच्या एका पानावर धंद्यातला शब्द, समोर कायद्यातला शब्द, असे तीसेक शब्द लिहा. एवढ्यानेच पुस्तकाची झोप निम्मी उडेल, कारण झोप कायद्याने येत नाही, न कळणाऱ्या शब्दांनी येते.

आता कायदा. २०१६ चा, पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ पासून. सगळी कलमं सारख्या वजनाची नाहीत. केंद्राने सल्लागार परिषद कशी नेमायची, प्राधिकरणाच्या अध्यक्षांची पात्रता काय, हे एकदा वाचून सोडून द्या. तुमचं घर आहे कलम ९ आणि १० मध्ये. ९ म्हणजे एजंटची नोंदणी. १० म्हणजे एजंटने काय करायचं: नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं काहीही विकायला मदत करायची नाही, हिशेबाच्या वह्या आणि कागद ठेवायचे, खोटंनाटं सांगून गिऱ्हाईक गळाला लावायचं नाही, आणि बुकिंगच्या वेळी ज्या ज्या कागदांवर आणि माहितीवर गिऱ्हाइकाचा हक्क आहे ते सगळं त्याच्या हातात पडेल हे बघायचं. शेवटचं पुन्हा वाचा. आपण कागद ‘मागितले तर देतो’. कायदा म्हणतो, मिळवून द्यायची जबाबदारी तुमचीही.

मग ११ ते १९ सलग, गोष्टीसारखं. बिल्डरने काय करायचं, जाहिरातीत खोटं सांगितलं तर काय, नकाशात बदल करायचा तर किती जणांची संमती (दोन तृतीयांश), ताबा दिल्यावर बांधकामात दोष निघाला तर किती वर्षं दुरुस्ती फुकट (पाच), ताबा लांबला तर गिऱ्हाइकाला काय मिळतं. कलम १८ वर जरा जास्त वेळ द्या. उशीर झाला तर गिऱ्हाइकापुढे दोन वाटा आहेत: बाहेर पडून व्याजासकट पैसे परत घ्यायचे, किंवा आत राहून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घ्यायचं. निवड त्याची, बिल्डरची नाही. महाराष्ट्रात या व्याजाचा दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा पायाभूत दर) अधिक २% असा आहे. गिऱ्हाइकाने हप्ता थकवला तर त्यालाही हाच दर लागतो. पूर्वीच्या करारात बिल्डर स्वतःला ९% आणि गिऱ्हाइकाला १८ किंवा २४% लिहून ठेवायचे, ते आठवलं की हा नियम का आला ते कळतं आणि कळलेलं पाठ करावं लागत नाही.

७०% च्या आकड्यावर मात्र थांबा, कारण तो सगळ्यांना ‘माहीत असतो’. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांपैकी ७०% वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे, आणि ते फक्त जमीन व बांधकामाच्या खर्चासाठी काढायचे. काढतानाही मनाला येईल तेवढे नाहीत. काम जितकं पुढे गेलंय त्या प्रमाणात, आणि त्यासाठी आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए अशा तिघांचे दाखले हवेत. १ जुलै २०२४ पासून महारेराने प्रत्येक प्रकल्पाला एकाच बँकेत तीन खाती सांगितली आहेत: गिऱ्हाइकाचे सगळे पैसे एका खात्यात येतात आणि तिथून पुढे ७० आणि ३० असे फुटतात. ‘७०% कुठे’ एवढंच पाठ असलेला माणूस ‘गिऱ्हाइकाने चेक कोणत्या खात्यावर द्यायचा’ या प्रश्नाला अडखळतो.

दंडाची कलमं ५९ पासून पुढे. इथे आकडे एकमेकांत मिसळतात. बिल्डरने नोंदणीच केली नाही तर प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १०% पर्यंत. नोंदणीच्या अर्जात खोटी माहिती दिली तर ५% पर्यंत. एजंटने कलम ९ किंवा १० मोडलं तर रोज १०,००० रुपये, आणि ते वाढत वाढत त्या फ्लॅटच्या किमतीच्या ५% पर्यंत. प्राधिकरणाच्या आदेशाविरुद्ध अपील न्यायाधिकरणाकडे ६० दिवसांत, तिथून उच्च न्यायालयात तेही ६० दिवसांत. एवढं पुरे.

पुस्तक मिटा आणि आता सोलापूर रोडवर या. रस्त्यात जी होर्डिंग दिसतात त्यांच्या कोपऱ्यात क्यूआर कोड असतो. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत तो बंधनकारक आहे. तुमच्याच भागातली एक स्कीम निवडा आणि मोबाइलवर तिचं महारेराच्या साइटवरचं पान उघडा. जुन्या नंबरांत पुणे जिल्ह्याचे प्रकल्प ‘पी ५२१’ ने सुरू होतात, मुंबई उपनगरचे ‘पी ५१८’ ने. आधी पूर्णत्वाची तारीख बघा. मूळ कोणती, वाढवून घेतलेली कोणती. मग फ्लॅटनिहाय कार्पेटचा तक्ता. जमिनीवर कर्जाचा बोजा आहे का, कोर्टात दावे आहेत का. आर्किटेक्टचा फॉर्म १, इंजिनिअरचा फॉर्म २, सीएचा फॉर्म ३ उघडा आणि वर सांगितलेले तीन दाखले डोळ्यांनी बघा. त्याच पानावर कराराचा मसुदा असतो. तो डाउनलोड करून प्रिंट काढा. साठ-सत्तर पानं होतील, होऊ देत.

त्या मसुद्यात हप्त्यांचं कलम शोधा, कारण गिऱ्हाईक सगळ्यात जास्त फोन त्याच्यासाठी करतं आणि पेपर काढणाऱ्यालाही ते आवडतं. महाराष्ट्राच्या आदर्श कराराप्रमाणे करार झाल्यावर एकूण ३०% पर्यंत, जोतं झाल्यावर ४५% पर्यंत, सगळे स्लॅब झाल्यावर ७०% पर्यंत. मग भिंती, आतलं प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या झाल्या की ७५. संडास-बाथरूमची फिटिंग, जिना, लिफ्टचा खड्डा आणि लॉबी झाली की ८०. बाहेरचं प्लंबिंग आणि प्लास्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं की ८५. लिफ्ट, पंप, वीज यांची कामं झाली की ९५, आणि राहिलेले ५% ओसी आल्यावर ताबा देताना. हे सगळे एकूण आकडे आहेत, टप्प्याचे नाहीत. ‘जोत्याला किती?’ याचं उत्तर ‘४५% पर्यंत एकूण’ असं, ‘आणखी ४५’ असं नाही. हे पाठ करायचं असेल तर तुमच्या इथे चालू असलेल्या एखाद्या बिल्डिंगसमोर उभे राहा आणि तिचं आत्ता किती टक्क्यांचं डिमांड लेटर निघू शकेल ते सांगा. रोज जाता-येता एक बिल्डिंग. आठवड्यात पक्कं होतं.

त्याच करारात दोन बारीक गोष्टी खुणा करून ठेवा. ताब्याच्या वेळी कार्पेट कमी-जास्त निघालं तर ३% पर्यंत चालतं. कमी भरलं तर जास्तीचे घेतलेले पैसे ४५ दिवसांत व्याजासकट परत. आणि एजंटचं नाव व नोंदणी क्रमांक करारात लिहायची जागा. तिथे उद्या तुमचं नाव येणार आहे.

पैशांच्या प्रश्नांत तुम्ही मजबूत असणार, कॉमर्सचे आहात. फक्त जीएसटीचं एक उदाहरण सोडवून बघा. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५%, परवडणाऱ्या घरावर १%, ओसी आल्यानंतरच्या विक्रीवर शून्य. परवडणारं म्हणजे एकूण आकारलेली रक्कम ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट महानगरात ६० चौ.मी., इतरत्र ९० चौ.मी. पर्यंत. आता गंमत अशी की महानगरांच्या यादीत मुंबई महानगर प्रदेश आहे, पुणे नाही. इथे ९० चौ.मी. धरायचे. मेट्रो धावतेय म्हणून पुण्याला ६० लावू नका. दुसरी गंमत ‘एकूण आकारलेली’ या शब्दांत. फ्लॅट ४३ लाख ५० हजारांचा आणि पार्किंगचे २ लाख लावले की झाले ४५ लाख ५० हजार. मर्यादा ओलांडली, १% चे ५% झाले. ४५,५०० च्या जागी २,२७,५०० रुपये. काउंटरवर ‘पार्किंगचे वेगळे सर’ म्हणताना हे कुणाच्या डोक्यात नसतं. बाय द वे, उघडी पार्किंग ही सामाईक जागा, ती विकताच येत नाही. पार्किंगवर एखादा प्रश्न येईल असं धरूनच चला.

स्टँप ड्यूटी पुणे महापालिका हद्दीत ७%, त्यात १% मेट्रोचा अधिभार. घर एकट्या स्त्रीच्या नावावर असेल तर १% सवलत, नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर नाही. नोंदणी फी १%, पण ३०,००० च्या वर नाही. ड्यूटी करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दराची, किंमत यातल्या जास्त रकमेवर. दर हद्दीप्रमाणे बदलतो, आणि तुमची मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये महापालिकेत आली, हे तुम्हाला मी सांगायला नको. व्यवहार ५० लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्याने १% टीडीएस कापायचा, हे आणखी एक.

सातबारा, ८अ, फेरफार, मिळकत पत्रिका, सूची क्रमांक दोन: हे कागद तुम्हाला वाचता येतात की नुसते ओळखता येतात, ते स्वतःला विचारा. भाड्याच्या धंद्यात मालकाचं लाइट बिल पाहून काम भागतं. आपल्या गावचा कुठलाही एक सातबारा ऑनलाइन काढा आणि इतर हक्कांचा रकाना मुलीला समजावून सांगा. जिथे अडखळाल तेवढंच वाचायचं राहिलंय.

आणि राग मानू नका, पण एक विचारते. ‘११ महिन्यांचा भाडेकरार, नोंदवायची गरज नाही’ असं अजून सांगता का कुणाला? १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत हवाच, महिने कितीही असोत, आणि जबाबदारी घरमालकाची. बारा वर्षांच्या अनुभवात अशा दोन-चार गोष्टी सगळ्यांच्याच असतात. माझ्याही होत्या.

वेळेचं म्हणाल तर महिनाभर रात्रीचा तास पुरतो, पण सकाळचा मिळाला तर तो घ्या. साइट व्हिजिट करून आलेल्या माणसाला रात्री कलम १८ वाचवत नाही, हे मी करून बघितलंय. परीक्षा संगणकावर आहे, आयबीपीएस (बँकांच्या भरती परीक्षा घेणारी संस्था) घेते, पर्याय निवडायचे असतात. माऊसची सवय नसेल तर मुलीच्या लॅपटॉपवर बसून करून घ्या. आणि तिच्यासमोर लाजायचं काय? तिला सांगा, तुझ्या प्रिलिमनंतर माझी. रोज जेवताना तिने तुम्हाला पाच आकडे विचारायचे, तुम्ही तिला पाच सनावळ्या.

मेहुण्याच्या फर्मबद्दल: व्यक्ती म्हणून एजंट नोंदणीची फी १०,००० रुपये, फर्म किंवा कंपनीला एक लाख. दोन्ही पाच वर्षांसाठी. धंदा एकत्र बसला की मग फर्म काढा. आत्ता तो एक लाख ऑफिसच्या डिपॉझिटला जास्त उपयोगी पडेल.

शेवटचा प्रश्न तुम्ही हळूच विचारलात, म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत आहे. मित्राच्या नंबरावर बुकिंग टाकायचं नाही. नोंदणी त्याची आहे, त्याचा परवाना म्हणजे भाड्याचा टेम्पो नव्हे. बैठकीत गिऱ्हाइकासमोर बसलात तुम्ही, बोललात तुम्ही, आणि करारात नाव त्याचं. उद्या तक्रार झाली तर गिऱ्हाईक बोट तुमच्याकडे दाखवणार आणि कागद त्याच्याकडे. तुम्हाला रोजचे १०,००० लागू शकतात आणि त्याची नोंदणी जाऊ शकते. १ जानेवारी २०२४ पासून या परीक्षेच्या प्रमाणपत्राशिवाय नव्या नोंदण्या बंद झाल्या आणि ज्यांनी ते सादर केलं नाही अशा हजारो जुन्या एजंटांच्या नोंदण्या महारेराने स्थगित केल्या, तेव्हा आपल्या ओळखीतले दोघे-तिघे त्यात होतेच. भाड्याचं काम कायद्यातल्या एजंटच्या व्याख्येत येत नाही. ते चालू ठेवा, महिनाभराचं पोट त्यावर निघेल. आणि हातात बुकिंगचं गिऱ्हाईक आलंच, तर त्याला खरं सांगा: माझी परीक्षा आहे, तोवर स्कीमचं हे पान मोबाइलवर उघडून बघा, तारीख आणि कार्पेट मी समजावतो, दलाली नको. आमच्याकडे एका जोडप्याला मी असंच सांगितलं होतं. ती दोघं दोन महिने थांबली. पण नसती थांबली तरी मी मित्राचा नंबर वापरला नसता, कारण तो मित्र माझा भाऊ होता.